स्मारकावरची नावं पुसट का होतात?

ग्वाल्हेरात फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी, शहराच्या लष्कर भागात शिंद्यांच्या छत्र्या, म्हणजे समाधी-स्मारकं. त्यामुळे कुठल्याही वस्तीत शहीद स्मारकाचा विषय निघाला की चर्चा आधी पुतळ्यावर जाते. नावांची पाटी मागाहून, उरल्यासुरल्या पैशांत. हा क्रम उलटा आहे. बहुतेक वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या जुन्या शिळांवर, नाव नसतं. खालून वर लढाई, अप्सरा, शिवपूजा एवढ्यावर भागतं. आजचं स्मारक मात्र मुळात नावांची यादी असतं.

आपल्याकडचा वालुकाश्म थरांचा दगड. खाणीत थर जसे आडवे होते तसाच तो बसवायचा. पातळ लादी उभी चिकटवली की थर भिंतीला समांतर होतात, मागे पाणी शिरतं आणि अक्षरांसकट पापुद्रे सुटतात. वालुकाश्मच हवा असेल तर निदान ७५ मिमी जाडीचा ठोकळा घ्या, नाहीतर सरळ ग्रॅनाइट. संगमरवर उघड्यावर नकोच. पावसाने पृष्ठभाग साखरेसारखा खरबरीत होतो. जोडायला लोखंडी पट्ट्या वापरू नका. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाची कड फोडतं. ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील महाग पडतं, पण तेच घ्या. वालुकाश्माचे सांधे चुन्यात भरा. सिमेंट दगडापेक्षा कडक, मग ओल आणि क्षार सांध्याऐवजी दगडातून बाहेर पडतात आणि झीज दगडाची होते.

आता अक्षरं. खरी मेख इथे आहे. देवनागरीची शिरोरेषा म्हणजे लांब आडवी खाच. मशीनने चौकोनी तळाची कोरली तर तिची खालची बाजू फळीसारखी सपाट राहते. धूळ, पाणी, शेवाळ तिथेच साठतं. व्ही आकाराच्या खाचेत खालची बाजू बाहेर उतरती असते, पाणी ओघळून जातं. शिवाय तिच्यात सावली पडते, त्यामुळे रंग भरायची गरज नाही. पण त्यासाठी तिरपं ऊन हवं, म्हणून नावांची भिंत उत्तरेला तोंड करून बांधू नये.

शिरोरेषेखालचं अक्षर २५ मिमी धरलं तर दोन ओळींतलं अंतर किमान ५० मिमी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. ‘शिंदे’ लिहून बघा: वेलांटी आणि अनुस्वार यांच्यामध्ये ५ मिमी दगड उरला नाही तर तो तुकडा उडालाच म्हणून समजा.

कोरण्याआधी मजकूर सैन्याच्या नोंदींशी आणि घरच्यांशी ताडून घ्या. राणींच्या हौतात्म्याची तारीखच १७ जून १८५८ आणि १८ जून अशी दोन्ही छापलेली सापडते. क्रम वर्षवार ठेवा; वर्णानुक्रम लावला की पुढचं नाव मध्ये घुसवता येत नाही. १९३१ साली खुल्या झालेल्या इंडिया गेटवर १३,००० हून अधिक नावं आहेत, पण वरची खालून वाचता येत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात प्रत्येक नावाला वेगळी ग्रॅनाइटची पट्टी आहे. छोट्या गावाने नक्कल करायची तर हीच करावी, आणि काही पट्ट्या कोऱ्या सोडाव्यात.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अ‍ॅसिड ओतून ‘चकाचक’ करण्याची हौस आवरा. साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, आणि भिंत खालून वर भिजवत न्यायची. कोरड्या दगडावर वरून मळकं पाणी ओघळलं तर त्याचे डाग बसतात.