आमच्या गल्लीत प्लाऊ कधी येणार?

हिवाळ्यात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकते की फोन उचलल्यावर समोरच्याने नुसता श्वास घेतला तरी पुढचं वाक्य मला कळतं. प्लाऊ म्हणजे पुढे मोठं पातं लावून रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारा ट्रक. मी एका छोट्या गावाच्या नगर कार्यालयात काम करते. रस्ते, पाणी, गटारं, झाडं सगळं एकाच खात्यात, आणि त्या खात्याचा फोन माझ्या टेबलावर. मोठ्या शहरांसारखी बर्फ काढणारी वेगळी फौज आमच्याकडे नाही. जुलैमध्ये जो माणूस फुटलेली पाइप दुरुस्त करतो, तोच जानेवारीत पहाटे तीनला प्लाऊवर बसतो. पाइपा थंडीतही फुटतात, उलट जास्तच फुटतात. ऐन बर्फात पाइप फुटली की दोन माणसं त्या खड्ड्यात उतरतात आणि एक ट्रक आवारात उभा राहतो. त्या दिवशीचे फोन तर विचारूच नका.

लोकांना वाटतं प्लाऊ मनाला येईल तसा फिरतो, किंवा नगर परिषदेच्या सदस्यांच्या घरावरून आधी जातो. (जात नाही. आमचे एक सदस्य बंद गल्लीत राहतात आणि तेही मला फोन करतात.) खरी गोष्ट अशी की क्रम आधीच ठरलेला असतो, कागदावर असतो, आणि तो कागद दर शरद ऋतूत पाण्याच्या बिलासोबत घरोघरी जातो. आधी अग्निशमन केंद्र आणि दवाखान्याकडे जाणारे रस्ते, चढ, शाळेच्या बसचे मार्ग. मग त्यांना जोडणारे रस्ते. मग वस्तीतल्या गल्ल्या. सगळ्यात शेवटी पुढून बंद असलेल्या गोल गल्ल्या. आता यातली मेख अशी की बर्फ पडतच राहिला तर ट्रक यादीत खाली सरकत नाहीत, ते पुन्हा वरून सुरुवात करतात. म्हणजे तुम्ही तिसऱ्या यादीत असाल आणि दिवसभर बर्फ पडत असेल, तर खिडकीतून प्लाऊ तीनदा जाताना दिसेल आणि तुमच्या गल्लीत एकदाही वळणार नाही. राग येणं साहजिक आहे. मला आला असता.

“तुमचा माणूस पातं वर करून मजेत चाललाय” हा दुसरा लाडका फोन. पातं वर असण्याची बहुतेकदा दोन साधी कारणं असतात. एक तर मागची पेटी रिकामी झालीये आणि तो बर्फ वितळवायचं मीठ भरायला आवाराकडे निघालाय, किंवा तो ज्या रस्त्यावर आहे तो आमचा नाहीच. गावातून जाणारा मुख्य रस्ता राज्याचा आहे आणि तो राज्याचे ट्रक साफ करतात. आमच्या गाडीने तिथे पातं टेकवायचं नाही, त्यांच्या गाडीने आमच्या गल्लीत वळायचं नाही. दोन्ही रस्ते जिथे मिळतात त्या तोंडावर बर्फाची एक जाड रेघ उरते, आणि ती नेमकी कोणाची यावर दर हिवाळ्यात एकदा तरी दोन कार्यालयांत फोनाफोनी होते.

बंद गल्ल्या शेवटी का, हेही सांगून टाकते, कारण तिथल्या लोकांना तो अपमान वाटतो. सरळ रस्त्यावर बर्फ उजवीकडे ढकलत पुढे जाता येतं. गोलात उजवीकडे सगळे ड्राइव्हवेच ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यावरून घरांकडे वळणाऱ्या गाडीवाटा, बर्फ टाकायला जागाच नाही. ट्रक मागेपुढे करावा लागतो, तोही उभ्या गाड्या, पत्रपेट्या आणि बर्फात बुडालेले हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचे नळ) सांभाळत. तीन सरळ गल्ल्या होतील एवढा वेळ एका गोलाला जातो.

आता बांधाविषयी. तुम्ही पहाटे उठून ड्राइव्हवे लखलखीत करता, आत जाऊन बूट काढता, आणि तेवढ्यात प्लाऊ येऊन तोंडाशी गुडघाभर दगडासारखा बांध घालून जातो. माझ्या नोकरीतल्या अर्ध्या शिव्या या बांधाच्या वाट्याच्या आहेत. थोडं गणित केलं तर मात्र तो बांध समजतो. दहा सेंटिमीटर ताजा, हलका बर्फ म्हणजे एका चौरस मीटरवर साधारण १० किलो. सहा मीटर रुंद रस्त्याच्या एका किलोमीटरवर ते ६० टन होतात. प्लाऊ हे ६० टन कुठे घेऊन जात नाही, बाजूला सारतो. आणि सारलेला बर्फ मूळ बर्फासारखा राहत नाही, दाबला जातो, घट्ट होतो आणि थोड्याच वेळात कडक होऊन बसतो. “माझ्या दारासमोर पातं जरा उचला” असं सांगणारे भेटतात. उचललं तर तो ढीग रस्त्याच्या मध्यात राहील. दारासमोरून जाताना बर्फ अडवून धरणारी पाती काही गावं वापरतात, पण त्यांनी वेग कमी होतो आणि क्रमाने शेवटी असलेला माणूस आणखी शेवटी जातो.

याला एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. जिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तिथे घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं की प्लाऊ डावीकडून येतो. तेव्हा ड्राइव्हवेचा सगळा बर्फ उजव्या हाताला टाका, आणि डाव्या हाताला, रस्त्याच्या कडेने, एखादी गाडी मावेल एवढी जागा रिकामी करून ठेवा. पात्यावरचा बर्फ त्या खिशात पडतो आणि तुमच्या तोंडाशी फार थोडा उरतो. पूर्ण जात नाही, पण कंबर वाचते. हे मी फोनवर इतक्यांना समजावलंय की आता डावा-उजवा हात करतच बोलते, समोर कोणी नसलं तरी.

मिठाचं प्रकरण निराळंच. बर्फ पडण्याच्या आदल्या दिवशी कोरड्या रस्त्यावर पांढरे पट्टे दिसले की फोन येतात, “ऊन पडलंय आणि तुम्ही मीठ उधळताय?” तो खारा द्राव असतो, पाण्यात साधारण २३ टक्के मीठ. या प्रमाणात तो उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. आधी टाकला तर बर्फ डांबराला चिकटून बसत नाही आणि नंतर पात्याने सहज सुटतो. चिकटलेला बर्फ सोडवायला याच्या कितीतरी पट मीठ लागतं. पट्टे अशासाठी की मधला रस्ता कोरडा राहावा, गाड्या घसरू नयेत. पण मीठ म्हणजे जादू नव्हे. उणे नऊ-दहाच्या खाली साधं मीठ इतकं हळू काम करतं की टाकणं न टाकणं सारखंच. तेव्हा आमचे लोक वाळू टाकतात. वाळू बर्फ वितळवत नाही, फक्त टायरला पकड देते. लोकांना ती आवडत नाही, कारण रस्ता काळा दिसत नाही. आणि वसंतात ती सगळी वाळू झाडून काढायचं काम पुन्हा आमच्याकडेच.

मीठ संपलं असं होऊ शकतं का? होऊ शकतं. २०१३-१४च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत बऱ्याच गावांना हा अनुभव आला. मिठाची मागणी आम्हाला उन्हाळ्यात नोंदवावी लागते, अंगावर घामाच्या धारा असताना. करार असा की नोंदवलेल्यापैकी ठरावीक हिस्सा घ्यावाच लागतो, हिवाळा कोरडा गेला तरी, आणि एका मर्यादेपलीकडे ठरल्या दराने मिळत नाही. त्यात आमचं आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होतं. एकाच वर्षाच्या पैशात एका हिवाळ्याचं शेपूट आणि दुसऱ्याचं तोंड. मार्चमध्ये दोन वादळं आली की डिसेंबरमध्ये आमचा फोरमन मिठाच्या ढिगाकडे बघून सुस्कारे टाकायला लागतो. आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे टाकलेलं मीठ कुठे जात नाही, बर्फाबरोबर वितळून ओढ्यात आणि जमिनीत उतरतं. एक छोटा चमचा मीठ सुमारे १९ लिटर पाणी कायमचं बिघडवायला पुरतं, असं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची प्रदूषण नियंत्रण संस्था सांगते. आमच्या गावाच्या पाण्याच्या तक्रारीही मीच घेते, म्हणून हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

बर्फावरून माणसांच्या खुर्च्या गेल्या आहेत. शिकागोत १९७९च्या जानेवारीतल्या हिमवादळानंतर रस्ते साफ झाले नाहीत आणि पुढच्याच महिन्यात महापौर मायकल बिलँडिक पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांच्याकडून हरले. न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली क्वीन्स या बाहेरच्या भागातल्या गल्ल्या दिवसेंदिवस बर्फात अडकल्या, तेव्हा महापौर जॉन लिंडसे यांना तिथे जाऊन लोकांची हुर्यो ऐकावी लागली. राग नुसत्या उशिराचा नव्हता. शहराचा मुख्य भाग, मॅनहॅटन, मोकळं झालं आणि आम्ही मागे राहिलो, हा होता. आमच्या गावात मॅनहॅटन नाही, पण आधी कोण आणि नंतर कोण हे इथेही असतंच.

आणि इथे मला माझ्याच कार्यालयाशी भांडायचं आहे. आमच्या त्या कागदावर फुटपाथ कुठेच नाही. म्हणजे आहे, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात: बर्फ थांबल्यापासून २४ तासांत घरमालकाने साफ करावा. ठीक. पण मालकाने साफ केलेल्या फुटपाथवर प्लाऊ पुन्हा बर्फ टाकतो. चौकाच्या कोपऱ्यावर चारी बाजूंचा ढीग जमतो, आणि तिथला उतार, जिथून चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी रस्त्यात उतरते, तो कोणाच्याच घरासमोर येत नाही. एक आजी मला फोन करतात. त्या गाडी चालवत नाहीत. रस्ता कसा आहे हे त्या कधीच विचारत नाहीत. विचारतात, “बसच्या थांब्यापर्यंतचा कोपरा कोणी फोडलाय का गं?” बहुतेक वेळा उत्तर नाही असतं, आणि मग त्या रस्त्यावरून चालतात, प्लाऊच्याच वाटेत.

स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा गावाने हा क्रम उलटा करून पाहिला. आधी पायवाटा, सायकलवाटा, बसथांबे, मग मोठे रस्ते. कारण साधं होतं: बर्फात पाय घसरून जखमी होणारे लोक गाड्यांतल्या लोकांपेक्षा खूप जास्त असतात, आणि चालणाऱ्यांत बायका जास्त असतात. पुढे स्टॉकहोमनेही ही पद्धत घेतली. २०१६च्या नोव्हेंबरात तिथे विक्रमी बर्फ पडला, शहर अडकलं, आणि लोकांनी सगळा दोष या नव्या क्रमावर टाकला. मला विचाराल तर एका दिवसात इतका बर्फ पडल्यावर कुठलाही क्रम अडकलाच असता.

हे मी नगर परिषदेच्या सभेत मांडलं. आमचा फोरमन विरोधात बोलला, आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं. फुटपाथसाठी आमच्याकडे एकच छोटं यंत्र आहे, गोठलेला ढीग त्याला पेलत नाही, आणि त्यावर माणूस बसवला की तो ट्रकवरून कमी होतो. शेवटी तडजोड झाली. या हिवाळ्यात शाळेभोवतीचे फुटपाथ आणि बसथांब्यांजवळचे कोपरे दुसऱ्या यादीत घेतले आहेत, म्हणजे वस्तीतल्या गल्ल्यांच्या आधी. बाकी फुटपाथ पूर्वीसारखेच मालकांकडे. बंद गल्ल्या आणखी दोनेक तास मागे जातील असा फोरमनचा अंदाज आहे. तो सभेत हे सगळं सांगताना माझ्याकडेच बघत होता, कारण ते फोन कोण घेणार हे त्याला माहीत आहे.

नवा कागद पाण्याच्या बिलासोबत येतोय. या वेळी फुटपाथ पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात घ्यायला लावलंय, आणि डाव्या हाताच्या खिशाचं चित्रही काढून दिलंय. चित्र काही फार चांगलं आलेलं नाही.