आमची वाटचाल : संत्र्याची सालं आणि चांदी

नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत भाड्याची शेड, एक मॅग्नेटिक स्टरर आणि बंद पडलेल्या पॅथॉलॉजीतून उचललेला मिनिटाला ४,००० फेऱ्यांचा सेंट्रीफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून कण तळाशी बसवणारं यंत्र. आम्ही दोघा भागीदारांनी एवढ्यावर संत्र्याच्या सालींच्या काढ्यानं चांदीचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, बनवायला सुरुवात केली. त्या सेंट्रीफ्यूजमध्ये आमचे कण काही खाली बसेनात. १२,००० फेऱ्यांचा जुना मिळाला तेव्हा कुठे काम सरकलं. सालं मात्र फुकट, ज्यूसवाले पोत्यानं द्यायचे. सावलीतच वाळवा बरं का, उन्हात नाही. आणि काढा फ्रिजमध्येसुद्धा फार दिवस ठेवू नका, बुरशी धरते.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात बसलो खड्ड्यात. तेच सौम्य, १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट (चांदीचा क्षार), तोच काढा, वॉटर बाथही तोच ६० अंशांवर. कण तयार झाले की पिवळ्याचं तपकिरी व्हायचं ते पांढरट, गढूळ व्हायला लागलं. ओळीनं ११ बॅच. आंबिया बहाराची संत्री संपून मृग बहाराची सालं आली म्हणून सालींवर खापर फोडलं, पीएच वरखाली करून पाहिला. चांदी मोरीत जात होती. भागीदार म्हणाला, "बोरोहायड्राइड टाकू, कोण पाहून राहिलं?" त्या रसायनानं सालींशिवायच कण होतात. मी नाही म्हटलं. तो गेला, ग्राहकांची वहीही त्याच्यासोबत गेली.

उरले गांधीबागेतले कापडवाले काका. ड्रेसिंगच्या कापडाला ते आमचंच द्रावण लावत. जन्म रंगाईत गेलेला माणूस. बीकर उजेडाला धरला आणि म्हणाले, "पाणी कोठचं आहे बाप्पा?"

डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आम्ही नव्या दुकानातून घ्यायला लागलो होतो, बॅटरीत घालायचं ते. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. दूध! पाण्यात क्लोराइड होतं, चांदी त्याच्याशी मिळून पांढरी होत होती. दहावी-बारावीच्या प्रयोगवहीतली परीक्षा, आणि ११ बॅच होईस्तोवर तीच बाटली आमच्या हातात होती.

पुढची वर्षं ठीक गेली. भागीदाराच्या मालाचा ग्राफ (कण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतात तो) सुबक येतो, ४०० नॅनोमीटरच्या अलीकडे टोकदार. आमचा ४३० ला पसरट, कारण सालीतली द्रव्यं सगळे कण एका मापाचे घडवत नाहीत. खरेदीवाले टोक बघतात. त्याच्या लेबलावर संत्रं छापलंय, पानासकट. सालं आम्ही उकळतो!

नवा कॅन आला की काकांचा फोन ठरलेला : "थेंब टाकला का?"