तोंड उघडलं की हंडा गेला

आयर्लंडच्या खेड्यात गुप्तधन खणायचं तर नियम पाठ हवेत. हंड्याचं स्वप्न लागोपाठ तीन रात्री पडलं पाहिजे. एकदाच पडलं तर सोडून द्यायचं. ते कुणाला सांगायचं नाही, पण खणायला मात्र दोघे-तिघे लागतात. ही अडचण कुठल्याच गोष्टीने नीट सोडवलेली नाही. जागा बहुधा ठरलेली: राथ, म्हणजे मातीच्या गोल बांधाची जुनी गढी, नाहीतर एकट्या उभ्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडाचं मूळ. वेळ मध्यरात्रीची. आणि पहिल्या कुदळीपासून शेवटपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

गोष्टी रंगतात त्या इथून पुढे. आपल्याकडे धनावर नाग असतो. तिथला राखणदार बहुतेक वेळा माणूसच. धन पुरताना मालक गड्यांना विचारतो, "हे राखणार कोण?" जो भोळा "मी" म्हणतो, त्याचं डोकं उडवून त्याला हंड्यावरच पुरतात. मग तोच काळं मांजर, बैल किंवा मुंडकं नसलेला माणूस होऊन येतो. कुदळ खण्‌कन वाजते, बैल डुरकतो, कुणीतरी "देवा रे!" म्हणतं आणि हंडा खाली जातो. बैलाला दाद दिली नाही तर आपलंच घर पेटलेलं दिसतं. धावत जावं तर घर धडधाकट. परत यावं तर खड्डा बुजलेला.

मिळाल्याच्या गोष्टी थोड्या. त्यांतली लिमरिकच्या पुलाची फर्मास आहे. स्वप्नामुळे एक जण तिथवर चालत जातो, दिवसदिवस घुटमळतो. एक चांभार हसतो: "स्वप्नांवर कोण विश्वास ठेवतो? मलाही अमक्याच्या परसात झाडाखाली सोनं दिसतं." तो अमका म्हणजे हाच! घरी येऊन खणतो, हंडा मिळतो. झाकणाच्या दगडावरची अक्षरं मात्र वाचता येत नाहीत. पुढे एक भटका पंडित ती वाचतो: "पलीकडेही एवढंच आहे."

१९३७ ते १९३९ दरम्यान प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून अशा गोष्टी वह्यांत उतरवल्या. दिलेल्या विषयांत 'गुप्तधन' हा एक स्वतंत्र विषयच होता. त्या वह्यांत डेन लोकांनी, म्हणजे व्हायकिंग लुटारूंनी, पुरलेलं धन पुष्कळ. गढ्या खरं तर हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी कुटुंबांच्या. डेन लोकांचा त्यांच्याशी संबंध नव्हता, पण लुटारूशिवाय हंडा पटत नाही.

खरं धन बिनस्वप्नाचं सापडलं. १८६८ मध्ये लिमरिक काउंटीतल्या अर्डाघजवळच्या एका राथमध्ये दोन पोरं बटाटे खणत होती. त्यांना आठव्या शतकातला चांदीचा चषक मिळाला. तो आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याआधी, १८५४ मध्ये, क्लेअर काउंटीत मूघॉनजवळ रेल्वेमार्ग खणणाऱ्या मजुरांना दीडशेहून अधिक सोन्याच्या वस्तू सापडल्या. बहुतेक बांगड्या. ना बैल आला, ना घर पेटलं. मजुरांनी त्या विकल्या आणि बहुतेक सगळ्या वितळून गेल्या.