प्लंजर किती मिलीचा धरलाय?

पंपाच्या ॲल्युमिनियम हाउसिंगसाठी प्रेशर डाय कास्टिंगची डाय, म्हणजे वितळलेला धातू दाबाने भरायचा पोलादी साचा, करून घ्यायची होती. मी मशिनिंगवाला, डाय आपल्या क्रेनला पेलेल का, इथपर्यंतच माझी अक्कल. तीन कोटेशनं आली: आमच्याच टूलरूमचं, जवळच्या एका डायमेकरचं आणि एका दूरदेशीच्या कंपनीचं. तिसरं सगळ्यांत स्वस्त, वर सिम्युलेशनचा ४० पानी रिपोर्ट. लाल-निळ्या चित्रांत धातू कसा झकास भरत होता! मी सही करायच्या बेतात होतो.

आमच्या फोरमनकाकांनी रिपोर्ट चाळला आणि एवढंच विचारलं, "प्लंजर किती मिलीचा धरलाय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. सिम्युलेशनमध्ये धातू थेट गेटपासून, म्हणजे तो डायच्या पोकळीत शिरतो त्या तोंडापासून, सुरू केलेला. ज्या नळीतून प्लंजर म्हणजे दट्ट्या धातू पुढे ढकलतो, त्या शॉट स्लीव्हचा पत्ताच नाही. आमच्या मशिनवर स्लीव्ह जेमतेम ४० टक्के भरते, वर सगळी हवाच. प्लंजर सुरुवातीला घाईने पुढे गेला की लाट उसळते आणि ती हवा धातूत गुरफटते. शिवाय डाय पहिल्या शॉटपासून (एकदा धातू भरला की एक शॉट) सगळीकडे सारखी २०० अंशांवर धरलेली. खरी डाय गेटजवळ तापते, लांबच्या कोपऱ्यांत थंड राहते आणि बरेच शॉट मारल्यावर कुठे स्थिरावते.

मग प्लंजरचा व्यास, स्लीव्हची लांबी, स्प्रेचा वेळ, सायकल टाइम असे आमचे आकडे देऊन सिम्युलेशन पुन्हा करून घेतलं. खोड निघाली ती बोल्टच्या बॉसमध्ये, म्हणजे बोल्ट बसतो त्या जाड उंचवट्यात. भोवतीची भिंत ३ मिमी, बॉस १४ मिमी आणि तो गेटपासून सगळ्यांत लांब. भिंत आधी गोठते. मग मशीन मागून कितीही दाब देवो, तो बॉसपर्यंत पोचत नाही. आतला धातू आकसतो, मागून भर मिळत नाही, पोकळी राहते. आणि आम्ही ड्रिल-टॅप मारणार नेमका तिथेच! लीक टेस्टला पार्ट नापास होणार हे दिसतच होतं. बॉसमध्ये कोअर पिन (ओततानाच भोक ठेवणारी डायमधली पिन) घेतली, पिनेच्या आत पाण्याचं जेट कूलिंग दिलं, गेट बॉसच्या बाजूला सरकवला. ड्रॉइंगवर हे दोन दिवसांत झालं. डाय कापून झाल्यावर हेच करायचं तर वेल्डिंग आलं, आणि वेल्ड केलेल्या एच१३ या डायच्या स्टीलला त्याच जागी तडे लवकर जातात.

डाय कुणाला द्यायची, तेही यातूनच ठरलं. ट्रायलनंतर गेट अर्धा मिली खोल करायला डाय जहाजात कोण घालणार? इन्सर्ट, म्हणजे पार्टला आकार देणारे आतले भाग, जवळच्या डायमेकरला दिले, बाहेरचा होल्डर स्वस्तवाल्याकडून घेतला. अशी वाटणी मी कुणाला सुचवणार नाही. फिटिंगच्या वेळी चूक कुणाची यावर आठवडाभर फोनाफोनी चालली. स्टीलचं सर्टिफिकेट आणि हीट ट्रीटमेंटचा रिपोर्ट मात्र दोघांकडूनही आधी घेतला होता.

ट्रायलला पहिले पार्ट सुरकुतलेलेच निघाले, डाय थंड होती. ती तापल्यावर काकांनी एक पार्ट हॅकसॉने बॉसमधून कापला, कापलेली बाजू पॉलिश केली आणि भिंगाखाली धरली. टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र, तेही धागे पडतात तिथून दूर.

स्पेअर कोअर पिन ऑर्डरमध्ये लिहायच्या मात्र माझ्याकडून राहिल्या. पहिली पिन वाकली तेव्हा डाय उतरवली आणि नवी येईपर्यंत मशिनवर दुसऱ्या पार्टची चढवली.