शौलानं अर्धीच आज्ञा पाळली

आज्ञाभंग म्हटलं की सगळ्यांना आधी आदाम-हव्वा आठवतात, नाहीतर योना. मला मात्र कायम इस्राएलचा पहिला राजा शौल आठवतो, कारण आपण आज्ञा मोडलीय हे त्याला वाटतच नव्हतं.

बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा १५ वा अध्याय काढून बघा. अमालेकी या शत्रू टोळीचा पूर्ण नाश कर, माणसं गुरंढोरं काही राखू नकोस असं देवानं शमुवेल संदेष्ट्याकरवी सांगितलेलं. (त्यात तान्ही बाळंसुद्धा आहेत, वाचताना अंगावर काटा येतो आणि ते सोपं करून सांगायची माझी हिंमत नाही.) शौलानं २ लाखांचं पायदळ जमवलं, यहूदाचे १० हजार वेगळे, अमालेक्यांमधे राहणाऱ्या केनी लोकांना आधीच बाजूला व्हायला सांगितलं कारण त्यांनी मिसरातून येणाऱ्या इस्राएलांशी चांगुलपणा केलेला, लढाईपण जिंकली. फक्त अगाग राजाला जिवंत धरलं आणि चांगली चांगली मेंढरं, बैल ठेवून घेतले. टाकाऊ होतं तेवढं मारलं. म्हणजे देवाच्या वाट्याला काय, तर जे स्वतःला नकोच होतं ते!

मग कर्मेलला जाऊन स्वतःचं स्मारक उभारलं, आणि गिलगालात शमुवेल भेटल्यावर हा स्वतःहून सांगतो, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. शमुवेल विचारतो, मग हे मेंढरांचं ओरडणं, बैलांचं हंबरणं माझ्या कानावर कसलं येतंय? तर म्हणे ती लोकांनी राखली, परमेश्वराला यज्ञ करायला, बाकीची आम्ही मारली. नीट वाचा हं, राखली ती लोकांनी आणि मारली ती आम्ही! तेव्हा शमुवेल म्हणतो की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. हे वचन आपल्याकडे भिंतीवर लावलेलं असतं, पण सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं बोलायचं नाही आणि चर्चच्या बिल्डिंग फंडाला मोठा आकडा लिहायचा हे पण आपल्याच मंडळ्यांमधे चालतं, आणि मला त्याचा खरंच त्रास होतो.

हे एकदम झालं नव्हतं. १३ व्या अध्यायात याच गिलगालात शमुवेलासाठी सात दिवस थांबायचं होतं, समोर मिखमाश गावात शत्रू पलिष्टी, माणसं पळून चाललेली, शेवटी ६०० च्या आसपास उरली, आणि शमुवेलानं येऊन करायचं ते होमार्पण शौलानं स्वतःच केलं. ते संपतंय तोच शमुवेल हजर. इथे मला शौलाची दया येते, पण "परिस्थितीच तशी होती" हे त्याचं उत्तर तिथूनच सुरू झालं.

शेवटी तो म्हणाला, मी पाप केलं, लोकांना भ्यालो. पण लगेच पुढे काय, तर वडीलजनांसमोर माझा मान राख. त्याच्यानंतरचा राजा दावीद याच्यापेक्षा काही कमी चुकला नव्हता, उरीयाची बायको बथशेबा घेतली आणि उरीयाला मारवलं ते प्रकरण भयंकरच आहे, पण नाथान संदेष्ट्यासमोर त्यानं एवढंच म्हटलं की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. क्षमा तिथल्या तिथे मिळाली. परिणाम मात्र टळले नाहीत, मूल गेलं, पुढे मुलगा अबशालोम उलटला.

शौलाचं राज्य तर गेलंच, शिवाय देवानं उत्तर देणंच थांबवलं. ज्यानं भूतविद्या करणाऱ्यांना देशातून हाकललं होतं तोच वेष बदलून रात्री एन-दोर गावातल्या भूतविद्या करणाऱ्या बाईकडे गेला, मेलेल्या शमुवेलाला बोलवायला. तिथेही शमुवेलानं अमालेक्यांचीच आठवण काढली. त्यानंतरच्या लढाईत, गिलबोवा डोंगरावर, तीन मुलांसकट तो मेला. त्यात योनाथान होता, ज्याचा या सगळ्यात काही दोष नव्हता, आणि मला हेच सगळ्यात जास्त लागतं.

शमुवेलाबद्दल एक गोष्ट मात्र चर्चमधल्या संदेशात सहसा कुणी सांगत नाही. शौलाला सुनावायला जायच्या आदल्या रात्री तो रात्रभर परमेश्वराकडे आक्रोश करत होता. नंतरही शौलासाठी शोक करतच राहिला, इतका की शेवटी देवालाच म्हणावं लागलं, किती दिवस रडणार, नव्या राजाच्या अभिषेकासाठी शिंगात तेल भर आणि बेथलेहेमला दावीदाच्या वडिलांकडे, इशायाकडे जा.