कुत्रं, ब्राऊन नॉईज आणि मी

काल रात्री दीड वाजले तरी डोळ्याला डोळा लागेना, बाहेर एक कुत्रं थांबून थांबून भुंकत होतं आणि खरा त्रास त्या थांबण्याचाच, कारण आता भुंकेल मग भुंकेल म्हणून कान टवकारलेलेच राहतात. शेवटी मोबाईलवर व्हाईट नॉईज (बाकीचे आवाज झाकायला लावतात तो एकसारखा आवाज) लावला तर तो जुन्या टीव्हीतल्या मुंग्यांसारखा खरखरला, डोकंच उठलं. मग ब्राऊन नॉईज सापडला, लांबून धबधबा ऐकू यावा तसा, एकदम खर्जातला. (ब्राऊन म्हणजे तपकिरी नाही बरं का, रॉबर्ट ब्राऊन या शास्त्रज्ञावरून नाव पडलंय, मलाही आजच कळलं 😄) व्हाईटमध्ये सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच जोरात असतात, ब्राऊनमध्ये खर्जाकडून वरच्या सुरांकडे जाताना दर सप्तकाला 6 डेसिबलने उतरतात, म्हणून तो कानाला टोचत नाही. कुत्रं काही गप्प बसलं नाही, पण त्याचं भुंकणं त्या घूं आवाजात बुडून गेलं आणि दचकायचं थांबलं. आवाज बारीकच ठेवला होता, मोबाईल उशीपासून लांब, 45 मिनिटांचा टायमर. टायमर कधी संपला कळलंच नाही, सकाळचा अलार्मही कळला नाही, ऑफिसला लेट. आई म्हणते, एवढं करण्यापेक्षा नुसता फॅन लावायचास की!