पाळीप्रमाणे झोपणारी खोली

रविवार, रात्र

आज दुपारी भावाने नव्या घराचा नकाशा आईसमोर जमिनीवर पसरला आणि कपाट कुठे, देवघर कुठे, यावर तासभर खल झाला. मुंबईतल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीतल्या आमच्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळणार आहे. मी मात्र नकाशातले चौकोन पाहत भलतेच गणित मांडत बसले होते: त्या एका खोलीत आम्ही सात माणसे मावत कसे होतो?

ना. म. जोशी मार्गाला आमच्याकडे अजूनही डिलाईल रोडच म्हणतात. इथल्या चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. मधून लांबलचक अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे, आणि संडास सगळ्या मजल्याला मिळून. भिंती काँक्रीटच्या असल्याने खिळा ठोकणे हा पराक्रम होता. देवाची फळी बसवताना वडिलांनी एक अख्खा रविवार आणि सहा-सात खिळे वाया घालवल्याचे मला स्वच्छ आठवते.

माणसे अशी होती: आई, वडील, भाऊ, मी, काका, आणि रत्नागिरीकडचे आमच्या गावचे दोघे, जे आईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत आणि आमच्यातच राहत. मावण्याचे उत्तर कापड गिरणीच्या भोंग्यात होते. गाववाले पहिल्या पाळीला, सकाळी सातला कामावर. साचेखात्यातले, म्हणजे मागांवर कापड विणणारे वडील दुसऱ्या पाळीला, दुपारी साडेतीनला. आणि त्रासन खात्यातले, म्हणजे सूतकताईतले काका तिसऱ्या पाळीला, रात्री बाराला. वडील घरी यायचे आणि काका निघालेले असायचे, त्यामुळे दोघा भावांची कित्येकदा रात्री फक्त पाळी बदलताना गाठ पडे. दोघांत मिळून वळकटी एकच होती. वडील सकाळी उठले की ती गुंडाळली जात नसे. काका तोंडावर पाणी मारून, केसांतले कापसाचे तूस झटकून त्याच उबेत आडवे होत आणि डोक्यावरून चादर ओढून घेत. रात्री गाववाले पॅसेजमध्ये पथारी पसरत. सातही जण एका वेळी खोलीत आहेत, असे गणपतीचे दिवस सोडले तर घडतच नसे.

या व्यवस्थेचा खरा भार आईवर होता, हे तेव्हा कळण्याचे माझे वय नव्हते. तिला दिवसातून तीन वेळा डबे आणि ताटे करायची, तीही झोपलेल्या माणसाला वळसा घालून, भांड्याचा आवाज न करता. आम्ही मुले कुजबुजत अभ्यास करायला शिकलो. पाढेसुद्धा ओठांतल्या ओठांत. उलट वडील घरातही मोठ्याने बोलत, कारण साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने आपला आवाज चढलेला आहे, हे त्यांना कळतच नसे. पाहुण्यांना वाटे, हे चिडले आहेत.

मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मी तेव्हा दहा वर्षांची होते. संपाविषयी पुढे पुष्कळ वाचले, पुष्कळ ऐकले. पण माझ्या आठवणीतला संप खोलीच्या जमिनीवरचा आहे. पाळ्या थांबल्या आणि सगळे पुरुष एकाच वेळी घरी, एकाच वेळी जेवायला, एकाच वेळी झोपायला आले. वळकटी एक आणि भाऊ दोन! काकांसाठी समोरच्या बिऱ्हाडातून गोधडी मागून आणली, माझ्या भावाची रवानगी पॅसेजमध्ये झाली, आणि आईने चूल, म्हणजे आमचा रॉकेलचा स्टोव्ह, सरकवत सरकवत मोरीपर्यंत नेला. खोली लहान आहे, हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा त्या दिवसांत उच्चारले गेले. दिवसभर घरात बसलेल्या पुरुषांनी काय करायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वडील एकच वर्तमानपत्र संध्याकाळपर्यंत पुरवत.

पण ती दाटी फार दिवस टिकली नाही. आधी गाववाले गावी गेले, कारण जेवणाचे पैसे देणे त्यांना जमेना आणि फुकट जेवणे पटेना. पावसाच्या तोंडावर काकाही भातलावणीसाठी म्हणून गेले, ते पुन्हा राहायला आले नाहीत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंका माळ्यावरून उतरल्या तेव्हा भिंतीवर त्यांचे तीन फिकट चौकोन उमटलेले दिसले. आता खोलीत चौघेच होतो. मला मोठ्याने पाढे म्हणण्याची मुभा मिळाली, आणि मी ते म्हटले नाहीत.

हे सगळे डोक्यात चालू असताना भाऊ आईला आतल्या दोन्ही खोल्या बोटाने दाखवत होता. एक तुझी, एक आमची, म्हणाला. आईने चष्मा वर सरकवून नकाशा बराच वेळ न्याहाळला आणि विचारले,

“मग माझ्या खोलीत दिवसा कोण झोपणार?”